एका दाराचा फर्मा

वरची

“एका दाराला फर्मा?”

अयुबनं पिशवीतून पटाशी अर्धी बाहेर काढली होती, ती तशीच हातात राहिली.

“एकाच दाराला,” म्हाळू म्हणाला. “छत्तीस दारांचं दिवस गेलं आता.”

म्हणाला आणि हसला. चहा गाळता गाळता त्याची बायको बयाबाई हसली. अयुबलाही हसावं लागलं. पण ते हसू ओठांशी आलं आणि वरच्या कडेला घासणाऱ्या दारासारखं तिथंच अडकून बसलं.

‘छत्तीस मिस्त्री’ हे म्हाळूचं सणसवाडीतलं नाव. पडून बारा वर्षं झाली. छत्तीस कशाचे हे आता निम्म्या लोकांना ठाऊकही नसेल, नाव मात्र राहिलं. म्हाळूच ते आधी घ्यायला शिकला होता, म्हणजे दुसऱ्यानं घेण्यात काही उरत नाही. आणि ज्याच्या हातून ते नाव पडलं, तो आज म्हाळूच्याच घरात, खुटबावला, बाजेवर बसून त्याचाच चहा पीत होता.

“अरे, बिजागरी ठेवायची, पेन्सिल फिरवायची, पटाशीनं तिच्यापुरतं खाचेचं घर पाडायचं,” अयुब म्हणाला. “तासाभरात दार उभं. मापाचा फर्मा करण्यातच दुपार जाईल.”

“जाऊ दे की. तुला कुठं जायचंय? हुसेनबी वाट बघती व्हय?”

“ती कशाला बघती? मी घरात नसलो की तिच्या गुडघ्याला आराम पडतो.”

“मग कर.”

बयाबाईनं आणखी अर्धा कप ओतला. “करा बाई एकदाचं, भावजी. आठ दिस झालं, दार भितीला टेकवून ठेवलंय. केडगावचा मिस्त्री येऊन लावून जात हुता, तर ह्यांनी माघारी धाडला. म्हनले, अयुबच पायजे. आन् लावायचं तर फर्म्यानंच.”

“तू सोता का न्हाई लावत, म्हाळूदादा?”

म्हाळूनं दोन्ही पंजे पुढं धरून पाहिले, दुसऱ्याचे असल्यासारखे. “हे आता फाटक उघडायचं हात झालं. पटाशी वळखत न्हाईत.”

अयुबनं नजर दुसरीकडं नेली. घराच्या मधल्या लाकडी मेढीवर दोन खिळे होते. एकावर साखर कारखान्याचं कॅलेंडर, दुसऱ्यावर म्हाळूची निळी सिक्युरिटीची टोपी. टोपी झटकून, साफ करून टांगलेली होती. म्हाळूला कंपनीच्या गेटवरून सुटून दोन महिने झाले होते.

न्हावऱ्याहून निघताना अयुबनं ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या बोलायचं. मोटरसायकलवर हेल्मेटच्या आत त्यानं ते म्हणूनही पाहिलं होतं.

म्हाळूदादा, एक सांगायचं राहिलंय.

(हे उधारीचं वाटतं.)

म्हाळूदादा, त्या पट्टीचं तुला आठवतंय का?

(न आठवायला काय झालं.)

म्हाळूदादा, तू रागाव, शिव्या दे, पण

इथं भीमेचा पूल आला. समोरून उसाची ट्रॉली आली, आणि वाक्य पुलाच्या अलीकडंच राहिलं. पलीकडं दौंड तालुका. पुढं खुटबावपर्यंत अयुब नुसती गाडी चालवत राहिला.

“जुना फर्मा हाय का?” त्यानं विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. “तोच वापरू.”

“बंबात गेला,” म्हाळू म्हणाला. “लई वर्षं झाली. एका अंघोळीचं पानी तापलं त्याच्यावर.”

अयुबला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून लगेच लाज वाटली. त्यानं पटाशी पिशवीत टाकली आणि प्लाय मागितला.

मागच्या अंगाला नवी खोली काढली होती. विटा अजून कोऱ्या, चौकट बसवलेली. शेजारी प्लास्टिक गुंडाळलेलं तयार दार. म्हाळूनं बाज ओढून चौकटीसमोर आणली आणि मांडी घालून बसला, सिनेमाला बसावं तसा.

फर्मा करणं अवघड नाही. दाराइतकी उंच, चार बोटं रुंद अशी प्लायची फळी घ्यायची. तिच्यात तीन खिडक्या कापायच्या, बिजागरीच्या मापाच्या. वरची डोक्यापासून सात इंचांवर. खालची तळापासून नऊवर. मधली मध्ये. कापायच्याही याच क्रमानं: आधी वरची, मग खालची, मधली शेवटी, कारण मधलीची जागा त्या दोघी ठरवतात. मग तोच फर्मा चौकटीला लावायचा आणि तोच दाराला. खाचा समोरासमोर येणारच. हाताला चुकायची मुभा राहत नाही.

खरी गोम डोक्याजवळ असते. चौकटीवर ठेवताना फर्म्याचं डोकं वरच्या आडव्या लाकडाला टेकवतात. दारावर ठेवताना मात्र दाराच्या वरच्या कडेला टेकते ती डोक्याजवळ मारलेली छोटी आडवी पट्टी. आणि ही पट्टी डोक्याशी एका पातळीत नसते. ती एक सूत खाली असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दाराच्या वर ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट. तेवढ्या फटीत दार हलतं, फुगतं, श्वास घेतं.

हे सगळं अयुबला म्हाळूनंच शिकवलं होतं. अयुबनं वरची खिडकी आखली.

“रेघ ठेव,” म्हाळू बाजेवरून म्हणाला. “रेघेच्या आतनं काप.”

“ठेवतो.”

“तुला रेघ खायची सवय हाय.”

“हुती,” अयुब म्हणाला.

खालची

सणसवाडीत तेव्हा रोज एक नवी इमारत उभी राहत होती. बिहारचे, ओडिशाचे, मराठवाड्याचे कामगार यायचे आणि एकेका खोलीत पाच-पाच जण राहायचे. अशाच भाड्याच्या खोल्यांच्या तीन मजली इमारतीचं काम म्हाळू-अयुब जोडीला मिळालं. छत्तीस खोल्या, छत्तीस दारं, सगळी एका मापाची.

त्याआधी वीस वर्षं ते दोघं बरोबर काम करत होते. म्हाळू सुताराच्या घरातला, अयुब त्याच्या हाताखाली आलेला. पण हात अयुबचा चांगला. त्याची पटाशी लोण्यातून फिरल्यासारखी फिरायची आणि त्याला ते माहीत होतं. म्हणून म्हाळूनं छत्तीस दारांसाठी फर्मा करायला घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त अयुबच हसला.

“मिस्त्रीला फर्मा म्हंजी पैलवानाला काठी,” तो साइटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. प्लंबर हसले, फरशीवाले हसले.

म्हाळूनं मनावर घेतलं नाही. त्यानं दोन दिवस घालवून फर्मा केला. टाकाऊ चौकटीवर, टाकाऊ फळीवर तपासला. पट्टी बसवताना खिळा वापरला नाही, स्क्रू वापरले. “खिळा मारला की आपलं म्हननं संपलं,” तो म्हणाला. “स्क्रूला माघारी बोलवता येतं.” मग खाचा कोरायचं राउटर मशीन लावून त्यानं तीन दिवसांत छत्तीसच्या छत्तीस चौकटी उरकल्या आणि वरून हाक मारली, “अयुब, फर्मा घेऊन जा. दारं तुझी.” आणि स्वतः स्क्रूच्या पेट्या आणायला शिरूरला गेला.

अयुबनं फर्मा खांद्यावर टाकला. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर त्याचं टोक कठड्याला लागलं, फर्मा सटकला आणि मजलाभर खाली गेला.

फळी शाबूत होती. पट्टी तेवढी निघाली होती.

इथं थांबायचं होतं. म्हाळू दोन तासांत येणार होता. चहा प्यायचा, बिडी ओढायची, आला की सांगायचं, पडला बाबा, पट्टी निघाली. म्हाळू दोन शब्द बोलला असता. पण आठवडाभर ज्या फर्म्याला काठी म्हणून हसलो, तो आपल्याच खांद्यावरून पडला, हे फरशीवाल्यांसमोर कोण सांगणार? आणि पट्टी ती काय. स्क्रू ड्रायव्हर म्हाळूच्या पिशवीत होता. अयुबनं दोन दीड इंची खिळे घेतले, पट्टी डोक्याशी लावली, अंगठा फिरवून दोन्ही कडा एका पातळीत आल्या की नाही ते चाचपलं आणि ठोकली.

मिस्त्रीच्या अंगठ्याला दोन कडा एका पातळीत लागल्या की बरं वाटतं. त्या दिवशी त्या अंगठ्यानं दगा दिला. एक सूत गेलं.

फर्म्याचा फायदा हा, की एकदा तपासला की पुन्हा तपासावा लागत नाही. म्हाळूनं तपासलेलाच होता. अयुबनं दोन दिवसांत छत्तीस दारं कापली.

तिसऱ्या दिवशी पहिलं दार उभं केलं, ते वर घासलं. दुसरं घासलं. पाचव्या दारापाशी म्हाळू खाली बसला. दारांना दोन्ही बाजूंनी सनमायका चिकटवलेला. रंधा मारला की कडेचे टवके उडत होते. मालक आला, त्याचा मेहुणा आला, फरशीवाले हातातलं काम टाकून आले. हाताची चूक एका दाराची असते. फर्म्याची चूक छत्तीस दारांची.

“फर्मा कोनी केला?” मालकानं विचारलं.

“मी,” म्हाळू म्हणाला.

प्रश्न तेवढाच होता. फर्मा कोणी केला. कोणी पाडला, पट्टी कोणी ठोकली, असं कुणी विचारलं नाही. अयुब आपल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. चपलेचा अंगठा शिवायला झाला होता, हे त्याला अजून आठवतं.

नंतर सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हाळू फर्मा खांद्यावर टाकून एकटाच स्टँडवर गेला होता. मग ईद झाल्यावर सांगू. मग म्हाळूचा राग उतरल्यावर. पण म्हाळू रागावलेलाच नव्हता, तर उतरणार काय? तो फक्त कामं घेईनासा झाला. घ्यायला गेला तरी लोक म्हणायचे, मिस्त्री, फर्मा आणू नका हां. दोन वर्षांत त्यानं हत्यारं विकली आणि सणसवाडीतल्याच एका कंपनीच्या गेटवर उभा राहिला.

तिथं एकदा अयुबची आणि त्याची गाठ पडली. अयुब टेम्पोत आठ दारं घेऊन कंपनीच्या ऑफिसच्या कामाला आला होता. केबिनमधून निळी टोपी बाहेर आली.

“नाव?”

“म्हाळूदादा, मी.”

“मला म्हाईत हाय रे. वहीला म्हाईत न्हाई. आख्खं नाव सांग.”

अयुबनं सांगितलं. म्हाळूनं खाली उतरून टेम्पोतली दारं मोजली, एकेकावर तळहात ठेवून. एका दाराची वरची कड त्यानं अंगठ्यानं चाचपली. मग वहीत लिहिलं आणि आडवा दांडा वर केला.

“जाऊ दे गाडी,” तो म्हणाला. “दारं चांगली हायत.”

तेव्हाही सांगता आलं असतं. मागं दोन ट्रक हॉर्न वाजवत होते.

मधली

तीन खिडक्या कापून झाल्या, तेव्हा ऊन चौकटीतून खोलीत उतरलं होतं. अयुबनं रेघा ठेवल्या होत्या. म्हाळूनं बाजेवरून उठून एकेक पाहिली आणि परत जाऊन बसला. म्हणजे बऱ्या झाल्या होत्या.

राहिली पट्टी. अयुबनं ती फर्म्याच्या डोक्याशी धरली. अंगठा आपोआप कडेवर गेला. दोन्ही कडा सरळ करू पाहू लागला. बारा वर्षांनीही त्याची खोड गेली नव्हती. अयुबनं अंगठा उचलला.

“खिळं देऊ का?” म्हाळूनं विचारलं.

“नको. स्क्रू दे.”

“खिळ्यानं लवकर हुईल. एकच तर दार हाय.”

“स्क्रू दे, म्हाळूदादा.”

म्हाळूनं सदऱ्याच्या खिशातून दोन स्क्रू काढले. ते सकाळपासून तिथंच असावेत, ऊबदार लागले. सोबत त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा दिला, घडी घालून घालून बरोबर एक सूत जाड केलेला. अयुबनं पत्रा लावून जागा सोडली आणि स्क्रू पिळले. त्यातला एक दोनदा घसरला. बयाबाई निवडायला घेतलेली मेथी घेऊन दाराशी येऊन बसली होती. ती म्हणाली, “भावजी, तुमचाबी हात हलाय लागला व्हय?”

“वय झालं, वैनी.”

“ह्यांच्याहून धाकटं तुम्ही.”

“धाकट्याचंच हलतं आधी,” म्हाळू म्हणाला. “थोरल्यानं सगळं हलवून झालेलं असतं.”

पुढचं काम भराभर झालं. चौकटीला फर्मा, दाराला फर्मा, खिडकीत पटाशी, खाच. बिजागऱ्या आपापल्या घरात बसल्या, एकही ठोकावी लागली नाही. दोघांनी मिळून दार उचललं. म्हाळूचे हात पटाशी विसरले असतील, दार धरायचं विसरले नव्हते. अयुबनं वरचा स्क्रू पिळला, मग खालचा, मग मधला.

आता पडताळा. हा त्या दोघांचा जुना रिवाज. एकानं बाहेरून दार घट्ट ओढून धरायचं. दुसऱ्यानं आत राहून तो सूतभर पत्रा फटीतून फिरवायचा, वर, बाजूला, खाली, आणि सांगत जायचं. आत जाणारा कायम म्हाळू.

म्हाळू आत गेला. अयुबनं दार ओढलं. ते आलं आणि गप्प बसलं. वर कुठं घासलं नाही.

बयाबाई मेथीचं टोपलं घेऊन चुलीकडं गेली होती. अयुब एकटाच कोऱ्या दारासमोर उभा होता. दाराला अजून नव्या सनमायकाचा वास येत होता.

“वर,” आतून आवाज आला. “फिरतोय.”

पत्रा लाकडाला खरखरत चालला होता.

“बाजूला. फिरतोय.”

“म्हाळूदादा.”

“काय? घट्ट धर.”

“तो फर्मा माझ्या हातनं पडला हुता. जिन्यात. पट्टी निघाली. मी ठोकली ती. डोक्याशी सरळ.”

खरखर थांबली.

हेल्मेटमध्ये म्हणून पाहिलेल्या वाक्यांपैकी एकही अयुबला वापरावं लागलं नव्हतं. त्याला समोर फक्त दार दिसत होतं, म्हणून बोलता आलं. म्हाळूचं तोंड दिसत असतं तर चपलेकडं बघावं लागलं असतं.

“दोन खिळं,” आतून म्हाळू म्हणाला. आवाज जवळून आला, दाराला लागून उभा असावा. “दीड इंची.”

अयुबनं दाराची मूठ आणखी घट्ट ओढली.

“बंबात घालायच्या आधी उपटून ठिवलं,” म्हाळू म्हणाला. “एकावर क्यालेंडर हाय. एकावर टोपी.”

“तुला कवा कळलं?”

“त्याच सांजंला. फर्मा खांद्यावर घेतला तवा बोटाला लागलं. मी खिळं मारत न्हाई, अयुब.”

“मग बोलला का न्हाईस? बारा वर्सं?”

चुलीकडून मेथीला फोडणी दिल्याचा आवाज आला.

“तू बोलशील म्हणून थांबलो,” म्हाळू म्हणाला. “पयलं वर्स लई वाट बघितली. कामं जात हुती तवा. मग सवय झाली.”

अयुबनं तोंड उघडलं. चुकलं म्हणावं, की माफ कर म्हणावं, की यातलं कुठलंही या घटकेला पुरणार नाही म्हणून गप्प राहावं, हे ठरायच्या आत आतून म्हाळू बोलला. आवाज पुन्हा कामाचा झाला होता.

“खाली बघायचं राहिलंय. धर.”

अयुबनं दार धरलं.

पत्रा खालच्या कडेनं चालू लागला. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं अडला नाही.

“फिरतोय,” म्हाळू म्हणाला.

मग आतून कडी लागली. तीही बघावी लागतेच; कडी कोयंड्यात बरोबर बसते की नाही, हे बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही. ती बसली होती. आता कुणी दाबून धरायची गरज नव्हती. दार आपलं आपण बंद होतं, आणि कडी काढल्याचा आवाज आतून आला नाही.

अयुबनं दाराची मूठ सोडली नाही. शेजारी भिंतीला टेकवलेला फर्मा उन्हात उभा होता, आणि पट्टीवरचे दोन स्क्रू चकाकत होते.